अळणी पिठलं

आमच्या कथा-कार्यशाळेचा एक नियम होता, आणि त्याने माझा जीव खाल्ला. आपल्या कथेवर चर्चा चालू असेपर्यंत लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच की! सोलापुरात एका वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही जमायचो. वर तापलेला पत्रा, खाली गरम वारा फेकणारा पंखा, आणि मी खुर्चीत चुळबुळत बसलेली.

माझी कथा साधी होती. एक तरणी बाई सासरचं घर सोडून निघते, एसटी स्टँडवर दिवसभर बसते आणि एकही गाडी न पकडता संध्याकाळी परत जाते. बस्स.

"मग पुढे काय?" बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले. "नुसतीच परत गेली? ह्याला काय शेवट म्हणतात?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जीभ चावून गप्प. घरी येऊन भांडी आपटली. कारण ती बाई म्हणजे माझी वळसंगची मावशी. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी ती अशी निघाली होती, आणि हे तिने फक्त मला सांगितलं होतं.

मी शेवट बदलला. परत बदलला. बाईला पुण्याच्या गाडीत बसवलं, उतरवलं, तिच्या भावाला न्यायला पाठवलं. काका काही केल्या हलेनात. शेवटी वैतागून मी तिला विहिरीत ढकललं. आणि काय सांगू, सगळे खूश! "आता झाली कथा," काका म्हणाले. कार्यशाळा घेणाऱ्या सरांनी समारोपाला, सगळ्यांच्या घरच्यांसमोर वाचायला, तीच निवडली. मला मात्र झोप लागेना. मावशी तिकडे धडधाकट, आणि मी तिला टाळ्यांसाठी मारून बसले होते.

त्यात सोमवारी डॉक्टरांना डोळे दाखवायचे म्हणून मावशी नेमकी समारोपाच्या रविवारी येऊन थडकली. तिला घ्यायला गेले तेही त्याच स्टँडवर. घरी सोडायला वेळ नव्हता, म्हणून तशीच गाडीवर मागे बसवली. सिग्नलला मला राहवेना. सगळं ओकून टाकलं, विहिरीसकट.

"अगं बया! मारलंस व्हय मला?" ती खदखदून हसली. "बरं झालं, आयुष्य वाढलं माझं."

मग वाचनालयापाशी उतरता उतरता म्हणाली, "त्या बाईचं बेस झालं बघ. हिरीत पडली, सुटली. मला घरी जाऊन सैपाक करावा लागला."

"काय केलं होतंस गं?"

"पिठलं. मीठच घालायचं इसरले. सासू, दीर, मालक, समद्यांनी गपगुमान खाल्लं. कुणी मीठ मागितलं न्हाय." तिने पदर नीट केला. "लिव्ह काय लिवायचं ते. ती बाई मी हाय, हे तेवढं कुणाला कळू दिऊ नगंस."

माझी पाळी आली. विहिरीचं पान मी पर्समध्ये कोंबलं. बाई घरी परत गेली, तिने पिठलं केलं, मीठ विसरली, आणि घरातल्या सगळ्यांनी ते अळणी पिठलं मुकाट्याने खाल्लं, असं मी तोंडीच सांगून कथा संपवली. टाळ्या पडायच्या म्हणून पडल्या.

काका उठलेच. "चांगला शेवट घालवलात की हो! आणि मला सांगा, घरातली सून दिवसभर बाहेर बसून आली आणि कुणाला काही कळलंच नाही? छे, पटत नाही."

मी उसळून उठणार, तेवढ्यात सरांनी ओठांवर बोट ठेवलं. नियम म्हणजे नियम. असा संताप आला की खुर्ची उचलून फेकावी!

मागच्या रांगेत बांगड्या वाजल्या. वळून बघते तर मावशी उभी. एवढ्या लोकांत, डोक्यावरचा पदर हाताने धरून.

"कळलं हुतं की," ती काकांकडे बघत म्हणाली. "समद्यास्नी कळलं हुतं. म्हणून तर कुणी मीठ मागितलं न्हाय."