पिशवीतल्या चपला

लोहाऱ्याच्या चप्पल कारखान्यातला तो माणूस माझ्या चपलांच्या दुकानात आला की आधी गिऱ्हाइकांचे पाय बघायचा, मग तोंडं. स्वतःच्या चपला मात्र दाराशी न ठेवता पिशवीत घालून आत आणायचा.

कापसाचा भाव पडला त्या वर्षी चामड्याची चप्पल खपेना, म्हणून मी सुती वेणीचे पट्टे लावून एक जोड शिवला. तो जोड उलटापालटा करत कारखान्यातल्या त्या माणसानं हळूच विचारलं, "कोणाले दाखवला तं नाही ना?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याच दिवशी तो जोड घालून मी भर बाजारात फिरलो.

हे कळताच तो दुकानात येऊन चिडला. "काहून केलं असं? चारचौघांनी पाह्यलेलं डिझाइन सरकारात कोणाच्याच नावावर चढत नाही!"

"मंग तुम्ही कोणाच्या नावावर चढवणार होते?"

त्यानं पिशवी काखेत घट्ट धरली आणि अनवाणीच निघून गेला.