आतोबा गाडी विकतात

आमच्या आतोबांइतका संशयी माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. झाला असलाच, तर आतोबांना त्याचाही संशय आला असता. माझ्या आत्याचे हे यजमान जन्मभर गणित शिकवत होते आणि एखाद्या मुलाचं उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर आलं की आधी त्याच्या शेजारच्याची वही बघत. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी वर टाकली, तर घरी येऊन सगळी वांगी कापून तपासत. त्यांची पांढरी, लांब पाठीची स्टेशन वॅगन मात्र संशयापलीकडे होती. दर रविवारी तिला आंघोळ. आरे-वारेच्या किनाऱ्यावरून परतताना आम्ही पाय धुऊन, पुसून, तळवे दाखवले तरच आत प्रवेश. रस्त्यातले लोक तिला रुग्णवाहिका समजून बाजूला होत आणि आतोबा आरशात बघत पुटपुटत, "ह्याने वाट का दिलीन रे?"

आत्या गेली, आणि पुढच्याच वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी आतोबांना गाडी चालवायला बंदी केली. त्यांनी आणखी दोघांना डोळे दाखवले. तिघांचं एकमत झाल्यावर म्हणाले, "एकाच कॉलेजातले असतील." पण समोरून आलेली एक एसटी आपल्याला दोन दिसली, हेही त्यांनी मला हळूच सांगितलं. मग मी मोबाइलवर जाहिरात टाकली आणि गिऱ्हाइकं येऊ लागली. राजापूरच्या काजूवाल्याने घासाघीस न करता होकार दिला. "भानगड आहे," आतोबा म्हणाले, "इतक्या लवकर कोणी माणूस राजी होत नाही." गुहागरच्या गृहस्थांनी तासभर खाली वाकून चौकशा केल्या. "ह्याला घ्यायचीच नाहीये." तिसऱ्याने गाडी अगदी नव्यासारखी ठेवली म्हणून कौतुक केलं, तर आतोबा माझ्या कानाशी आले. "नवी होती तेव्हा हा बघायला आला होता काय?" महिनाभर असंच चाललं. मला वाटू लागलं, गाडी अंगणातच गंजणार आणि आतोबा तिच्याशेजारी पहारा देत बसणार.

एका सकाळी किनाऱ्याकडच्या गावातली एक बाई रिक्षातून आली. बरोबर तिची म्हातारी सासू. आतोबांनी चष्मा पुसला.

"मासे वाहणार काय गाडीतून?"

"वाहायला टेम्पो आहे, काका. ही सासूसाठी. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायची असते."

"मग त्यांना कशाला दगदग दिलीत?"

"चढता येतं का बघायला नको?"

या उत्तरात आतोबांना काही खोट सापडेना. म्हातारीने पुढचं दार धरलं, गुडघा उचलला, पण पाय वर जाईना. दोनदा प्रयत्न करून ती ओशाळून हसली. सुनेचा चेहरा पडला. "राहू दे, आई. दुसरी बघू."

तेव्हा आतोबांनी डिकी उघडली आणि आतून एक बुटकं लाकडी स्टूल काढलं. वर गादी शिवलेली, पायांना रबर ठोकलेलं. ते दाराशी ठेवून त्यांनी म्हातारीला हात दिला. "डावा पाय आधी. आता इथे धरा. घाई नाही, आपल्याला कुठे गाडी गाठायची आहे?" म्हातारी अलगद आत बसली. आत्याच्या शेवटच्या दिवसांत उपचारांसाठी कोल्हापूरच्या खेपा त्या दोघांनीच केल्या होत्या. ते स्टूल मी कधी पाहिलंच नव्हतं.

कागद झाले. किल्ली देताना आतोबांनी बाईकडे एकदाच रोखून बघितलं. "स्टूल गाडीबरोबरच राहू दे. आणि त्या बसल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. हादरतं."

"नाही करणार, काका."

गाडी फाटकातून बाहेर पडली. आतोबा रस्त्याच्या मधोमध येऊन बघत राहिले. कोपऱ्यावर मागचा पिवळा दिवा लुकलुकला.

"वळताना इंडिकेटर दिलान हो तिने," ते म्हणाले, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ तिथेच उभे होते.