मुंबई ते मुंबई

लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात चाल आणि वेगाचा धडा निघाला आणि मला पोलादपूरच्या शाळेतला नववीचा वर्ग आठवला. सरांनी उदाहरणाला माझे बाबाच घेतले होते. गणपतीला मुंबईहून गावी, कापड्याला येतात, विसर्जन झालं की परत मुंबईला.

"निघाले तिथंच पोचले. अंतर कापलं, म्हणून चाल आहे. पण विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य."

"पण सर, मधी ते घरी असतात, त्याचं काय नाय?"

"मधलं धरत नाहीत."

वर्ग हसला. मला रडू आलं होतं.

गेल्या आठवड्यात बाबांना मुंबईहून ॲम्ब्युलन्सनं शेवटचं कापड्याला आणलं. या खेपेला विस्थापन शून्य नव्हतं. लेकीला मी सूत्र समजावून सांगितलं. रडू काही आलं नाही.