नळाच्या दिवशी ताई कुठेच जात नसे

फोन आला तेव्हा मी अमरावतीत, राजापेठेतल्या माझ्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना भूमिती शिकवत होतो. अकोल्याहून वंदनावहिनी बोलत होत्या, माझ्या ताईच्या शेजारीण. "भाऊ, ताई उठूनच नाही राहिल्या... तुमी लवकर निघा." हातातला खडू तसाच धरून मी खुर्चीत बसलो आणि खरं सांगतो, मला आधी रडू आलं नाही, राग आला. भयंकर राग. कारण अकरा दिवसांपूर्वीच मी ताईशी फोनवर कडाकडा भांडलो होतो आणि त्यानंतर हट्टाने तिला फोन केला नव्हता. आता भांडण मिटवायलाही ती उरली नाही, असं कुणी करतं का? दीड महिना झाला, तो राग अजून उतरलेला नाही. तिच्यावरचा, तिच्या गल्लीवरचा आणि सगळ्यांत जास्त माझ्यावरचा.

शैलाताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही मूळचे चांदूर रेल्वेचे. लग्नानंतर ती अकोल्याला गेली आणि मुलींच्या शाळेत तिने उभा जन्म भूगोल शिकवला. आवाज असा की तिसऱ्या वर्गात ऐकू जायचा आणि हसणं त्याहून मोठं. एकदा चिखलदऱ्याची सहल घेऊन निघाली आणि भाड्याची बस परतवाड्यातच बंद पडली. चाळीस मुली, भर दुपार, ड्रायव्हर गाडीखाली. दुसरी कुणी असती तर डोक्याला हात लावून बसली असती. ताईने स्टँडवरच गाण्याच्या भेंड्या लावल्या, दोन जीपवाल्यांना त्यात ओढलं आणि वर मुलींना सांगितलं, "चिखलदरा काय, तो जागचा हालत नाही. उद्या पाहू." ही माझी ताई. तिची नंतर काय गत झाली ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

भाऊजी आठ वर्षांपूर्वी गेले, मुलगा नोकरीसाठी बंगलोरला. ताई घरात एकटी. तीन वर्षांपूर्वी आधी तिचं हसणं गेलं, मग भूक गेली, मग झोप. विचारलं की एकच उत्तर, "कसंतरीच होते, बापा." मग आम्हा नातेवाइकांची हुशारी सुरू झाली. कुणी म्हणालं ॲसिडिटी, कुणी म्हणालं थायरॉइड, कुणी ओवा चावायला सांगितला, कुणी रोज देवळात जायला. मावशीने तर निदानच करून टाकलं, "नवरा गेला की असंच होते बाईचं." तपासण्या सगळ्या चांगल्या आल्या आणि आम्ही हुश्श केलं. अरे, हुश्श कशाचं करता? समोरची बाई दोन-दोन दिवस केसांना फणी लावत नाही, टीव्ही लावून भिंतीकडे बघते, आणि तुम्ही रिपोर्ट बघून पेढे वाटता! "तुम्ही" म्हणतो आहे, पण त्यात मीही होतोच.

आणि ती गल्ली! तिच्या भागात नळ पाच-सहा दिवसांनी येतात, आणि तेही कधी येतील याचा नेम नाही. सकाळी आठला येतील, नाहीतर दुपारी तीनला. तासभर बारीक धार आणि मग राम राम. एक पाळी चुकली की पुढचे पाच-सहा दिवस कोरडे. त्यामुळे नळाच्या दिवशी त्या गल्लीतली बाई घर सोडत नाही. लग्नाची पत्रिका आली की मुहूर्ताआधी नळाचा दिवस मोजतात. साखरपुडे चुकले, भाचीचं बाळंतपण चुकलं, कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. ताईच्या समोर देशमुखकाका राहतात. त्यांचं आणि वंदनावहिनींच्या मालकांचं एकदा पाणी ओढायच्या मोटरीवरून वाजलं, तर दोघे दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मी जायचो तेव्हा संध्याकाळी सगळे आपापल्या ओट्यावर बसलेले असायचे. गप्पा नाहीत, चेष्टा नाही. प्रत्येकाचा चेहरा असा, की आत्ताच कुणाला तरी पोचवून आले आहेत. मला वाटायचं, अकोल्याचं ऊनच वाईट. मूर्ख होतो.

शेवटी मी तिला अमरावतीच्या एका मनोविकार डॉक्टरांकडे आणलं. अकोल्यात ती जायला तयार नव्हती. "कोनी पायलं तर? मले काय बह्याड समजून राहिला काय तू?" डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी. तिने शांतपणे एकेक प्रश्न विचारला. झोप लागते का, कशात मन लागतं का, थकल्यासारखं वाटतं का, आपला कुणाला काही उपयोग नाही असं वाटतं का... ताईने सगळ्याला "हो" म्हटलं आणि पुढे म्हणाली, "पण हे तर आमच्या गल्लीत सगळ्याइलेच आहे, मॅडम. यात माह्यं येगळं काय?" डॉक्टरने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "ताई, सगळ्यांना ताप आला तरी तो तापच असतो ना?" ताई चक्क हसली. गोळ्या सुरू झाल्या. दीड-दोन महिन्यांत ती जेवायला लागली, एकदा फोनवर तिने मावशीची नक्कलही केली. मी इकडे बायकोला ओरडून सांगितलं, "ताई आली गं परत!"

कसली परत! पुढची तारीख आली ती नेमकी नळाच्या दिवशी. तिने रद्द केली. मी दुसरी घेतली, तेव्हा नळ एक दिवस लांबले आणि तीही बुडाली. पुढचीही तशीच. नळ सुटलेले असताना गल्लीत कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. वंदनावहिनींना एका शब्दाने सांगितलं असतं तर त्यांनी धावपळ करून भरलंही असतं, पण ताई सांगणारी नव्हती. "त्यायलेच पुरत नाही, कोनाले तरास देऊ?" गोळ्या संपल्या. आणायला सांगितल्या तर म्हणे, आता बरं आहे. बरं कुठलं! आवाज पुन्हा विहिरीतून आल्यासारखा. तेव्हा मी तडकलो. "ताई, तुला नळ मोठा की जीव मोठा?" ती म्हणाली, "तुह्या घरी रोज नळ येते ना रे, म्हनून तुले असं बोलता येते." मी फोन आपटला. आमचं शेवटचं बोलणं ते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर हृदयविकार लिहिलं. असेलही. पण एवढं मला कळतं, की माझी ताई त्या दिवशी सकाळी गेली नाही. ती तीन वर्षं थोडी थोडी जात होती आणि आम्ही तिला ओवा देत होतो.

तेराव्याला पंगत उठल्यावर वंदनावहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, त्या अमरावतीच्या डॉक्टरीनबाईचा नंबर द्या ना... माह्या नणंदेसाठी पायजे." मी दिला. थोड्या वेळाने पलीकडच्या घरातल्या सूनबाई आल्या. त्यांना भावजयीसाठी हवा होता. मग चक्क देशमुखकाका आले, चष्मा पुसत. त्यांचा म्हणे एक मित्र आहे. माझा तोल सुटला. भरल्या मांडवात ओरडलो, "तीन वर्षं ताईला ॲसिडिटी, ॲसिडिटी करत होतात ना सगळे? आता कुणाच्या नणंदा आणि कुणाचे मित्र?" सगळे खाली बघायला लागले. वंदनावहिनी तेवढ्या बोलल्या. "सगळ्याइलेच होतं ना भाऊ. म्हनून वाटलं, हे काई दुखनं नसते." डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मी माफी मागितली, पण ती पुरेशी नव्हती.

मागच्या आठवड्यात त्यांची तारीख होती. नणंदेची नव्हे, त्यांचीच. गुरुवार, दुपारी एक. बुधवारी सकाळी फोन आला, "भाऊ, उद्या नळ येनार म्हनते. आमच्या मालकायले दुकान बंद ठेवता येत नाही. तारीख पुढं ढकला ना." माझ्या तोंडात तेच वाक्य आलं होतं, नळ मोठा की जीव मोठा... कसं कोण जाणे, गिळलं. म्हटलं, "काही ढकलायचं नाही. येतो मी."

गुरुवारी पहिल्या बसने अकोल्याला गेलो. वहिनींना बसमध्ये बसवलं, माझी बायको अमरावतीच्या स्टँडवर त्यांना घ्यायला उभी राहिली. मी त्यांच्या अंगणात खुर्ची टाकून बसलो, पासष्ट वर्षांचा गणिताचा मास्तर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पावणेदोनला नळ आले. मला कशात काय भरायचं ते ठाऊक नव्हतं. सांडायच्या, म्हणजे वापरायच्या पाण्याचा ड्रम आधी भरायला घेतला तर समोरून देशमुखकाका धावत आले, "अहो, पयले प्यायचं भरा! गुंड घ्या, गुंड!" आणि आपलं सोडून नळाखाली एकेक पितळी हंडा-गुंड धरत राहिले. सगळं भरून झालं तेव्हा मी घड्याळ बघितलं. पन्नास मिनिटं लागली होती.

वहिनींचा फोन आला. "भाऊ, दाखवलं मी. नळ आले काय?" आले म्हटलं, भरलं सगळं. त्या पुढे काही बोलल्या, मला ऐकूच आलं नाही. शेजारी ताईच्या बंद घराच्या अंगणात कुणाकडून तरी तोटी बंद करायची राहिली होती आणि पाणी नुसतं फरशीवर पडत होतं. मी कुंपण ओलांडून गेलो, तोटी बंद केली आणि तिथेच पायरीवर बसून पहिल्यांदा मोठ्याने रडलो. पन्नास मिनिटांचं काम होतं हो! तीन वर्षं मी तिला समजावलं, रागावलो, डॉक्टर शोधले, तारखा घेतल्या. एकदा, फक्त एकदा अमरावतीहून यावं आणि म्हणावं, "ताई, तू जा, पाणी मी भरतो," हे काही मला सुचलं नाही.