नागव्वाचा चीक

कुंभारी गावच्या नागव्वाची म्हैस व्याली, की सगळी गल्ली वाट्या घेऊन तिच्या दारात हजर. कुणाला बोलावणं लागत नसे. आता शेजारची म्हैस कधी व्याली तेही कळत नाही. तेव्हा घरोघर गुळाचा खरवस शिजायचा. नागव्वाचा नवरा कधीच गेलेला, पोटी मूल नाही. माणसं आपल्याकडं येतात ती चिकापायी, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं.

"रेडकाचं पोट भरलं, की उरला चीक गल्लीचा," ती ऐटीत म्हणायची.

लांब शिंगांची गंगी तिचा जीव की प्राण. दुधाला आसपास तिला जोड नव्हती. चौथ्या वेताआधी नागव्वानं तिला सरकी-पेंड चारून अशी लठ्ठ केली, की शेजारच्या गोजाबाईनं विचारलं, "म्हशीचं लगीन काढलंयस की काय?" गंगी व्याली, चीकही उदंड निघाला. शेवटच्या वाटीसाठी नागव्वानं सड पिळपिळून कास पार रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी गंगी लटपटली आणि खाली बसली ती उठेना. मान कुशीकडं वळलेली, कान गार, रवंथ बंद. नागव्वानं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. गोजाबाईचा नवरा जोतीराम मात्र सायकल हाणत सोलापूरला गेला आणि ढोरांच्या डॉक्टरांना घेऊन आला.

डॉक्टरांनी सडात नळी घालून पंपानं कासेत हवा भरली आणि सड फितीनं बांधले. बाया पदराआड हसत होत्या. थोड्या वेळानं गंगीनं कान हलवले, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. नागव्वा तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

"जाड, दुधाळ आणि तिसऱ्या-चौथ्या वेताची म्हैस अशी बसते, बाई," डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले. "गाभण असताना पेंड आवरा. व्याल्यावर दोन-तीन दिवस कास पुरती पिळू नका."

"मग गल्लीला काय देऊ?" नागव्वानं विचारलं. ह्याला डॉक्टरांकडं कुठलं औषध असणार!

पुढल्या वेतापर्यंत तिला हाच घोर. गंगी व्याली. नागव्वानं जीव मुठीत धरून थोडासाच चीक काढला आणि उंबऱ्यात बसून राहिली. ऊन अंगणात उतरलं तरी वाटी घेऊन कुणी फिरकलं नाही. शेवटी ती गोजाबाईवर कडाडली, "माजी म्हस व्याली, का घरात कोण मेलं गं? यायला काय झालं तुमाला?"

"डॉक्टर बोलले ते समद्यांनी ऐकलंय की," गोजाबाई म्हणाली. "तुजी गंगी उबी राहू दे. आमाला न्हाय लागत खरवस."

होता तेवढ्या चिकाचा खरवस नागव्वानं केला, नखाएवढ्या वड्या पाडल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः दारोदार निघाली. गल्ली ती केवढीशी! पण तिला परतायला दिवेलागण झाली. एकाही घरानं तिला आत बसवल्याशिवाय उंबऱ्यावरून माघारी जाऊ दिलं नव्हतं.