वेळ पाळणारा कॉम्प्युटर
मशीनच्या तेलाचा वास आला की सेंगकांगच्या फ्लॅटमधलं आमचं बॉम्ब शेल्टर, तिथल्या घरांत असते ती जाड भिंतींची छोटी खोली, आठवतं. शेजारी त्यांच्या शेल्टरमध्ये तांदूळ आणि बॅगा ठेवायचे, आमच्याकडे नवऱ्याचं प्लायवूड कोरायचं मशीन होतं. त्या वर्षी गणपतीचं मखर त्यावर कोरायचं म्हणून त्याने माझा नवाकोरा लॅपटॉप त्याला जोडला. कमान अर्ध्यावर आली, लॅपटॉप क्षणभर अडखळला, मशीन खटकन हललं आणि कमानीला खाच पडली. "एवढा महागाचा लॅपटॉप, तरी?" मी वैतागून विचारलं. "वेग नकोय गं, प्रत्येक हुकूम ठरल्या क्षणी सुटायला हवा. हा वीज वाचवायला मधेच डुलकी काढतो," तो शांतपणे म्हणाला. मग खाली लिफ्टजवळ कुणीतरी टाकलेला जुनाट डेस्कटॉप त्याने उचलून आणला. "बाबा, दॅट वन रबिश लाह," लेक तिथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली. हुकमाची वेळ चुकते का ते पाहायला त्याने त्यावर एकावर एक व्हिडिओ लावून दिवसभर त्याला छळलं, पण तो एकदाही अडखळला नाही. मखर नव्याने कोरून झालं, गणपती बसले, पाहुणे जमले, आणि क्षणाचाही उशीर न खपवणारा हा माणूस शेल्टरमध्ये स्क्रू आवळत बसलेला. अजूनही दरवर्षी मी पेटलेलं निरांजन घेऊन उभी असते आणि मशीनजवळून आवाज येतो, "आलोच, पाच मिनिटं."