अ‍ॅडमिन काकी

काकींच्या घरात एकदा शिरलेला भाडेकरू कधी बाहेर पडतच नसे. म्हणजे सामान बांधून, डिपॉझिट घेऊन तो रीतसर निघून जाई. पण काकींच्या फोनमध्ये तो तसाच राही, आणि काकींच्या लेखी जो फोनमध्ये तो घरात. आम्ही भाडेकरू त्यांना अ‍ॅडमिन काकी म्हणायचो.

दिवाळे या कोळ्यांच्या गावात, खाडीच्या अंगाला त्यांचं घर. गुडघ्यांपायी मासळी विकायचं सोडलं, तेव्हा मुलानं, मंगेशनं, वर खोल्या चढवल्या आणि आमच्यासारख्या घरून काम करणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. तो स्वतः पनवेलला राहायचा. रोज येऊन बघायला वेळ नाही म्हणून त्यानं घर बिनतारी करून टाकलं. दिवे, पंखे, एसी, खालचं दार, सगळं ज्याच्या त्याच्या फोनवरून चाले. मालकीण म्हणून त्यात आईचं नाव घातलं. त्यामुळे नव्या माणसाचा फोन घराला जोडायचा तर परवानगी काकींकडे मागितली जाई, आणि त्यांनी ‘होय’ दाबल्याशिवाय दार उघडत नसे.

मी कराडहून बॅग घेऊन आले तेव्हा काकी खिडकीच्या आत कोळंबी सोलत बसल्या होत्या. शेजारी फोन माझ्या नावानं वाजत होता. त्यांना घाई नव्हती.

“गाव कंचा? घरी कोन कोन हाय?”

मी उन्हात उभी राहून आजोळापर्यंतची सगळी माहिती दिली.

“मासली खातेस?”

“नाही काकी. पण वास चालतो.”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, पदराला बोट पुसलं आणि ‘होय’ दाबलं. मंगेशनं हे सगळं एका क्षणात व्हावं म्हणून एवढा खर्च केला होता.

सुरुवातीला मला वाटलं, या घराला काहीतरी झालंय. रिकाम्या खोलीत पंखा फिरायचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलता बोलता माझा दिवा जायचा आणि साहेबांना अंधारात नुसता माझा चष्मा दिसायचा. मी राउटर बंद करून चालू केला. मंगेशनं पाठवलेला इलेक्ट्रिशियन डोकं खाजवत परत गेला. काकींना मात्र कशाचंच नवल नव्हतं.

“निखिल आसंल,” त्या म्हणाल्या.

निखिल म्हणजे माझ्या आधीचा भाडेकरू. तो आता हैदराबादला होता. तिथल्या घरातही त्यानं हेच अ‍ॅप घेतलं होतं, आणि स्वतःचा दिवा समजून तो आमचा दाबायचा. स्वतः अंधारात बसायचा, मलाही बसवायचा.

“चुकून होतं त्याच्याकडून,” मी समजावलं.

“चुकून कसा? आठवन आली का हात जातो.” आणि त्यांनी लगेच त्याला फोन लावला. “दिवा घालवलास ना आत्ता? बरा हायस ना बाबा?”

त्यांना यातलं खरंच कळत नव्हतं, की कळूनही त्यांनी आपला अर्थ लावून घेतला होता, हे मला आजही सांगता येत नाही.

एका दुपारी खालचं दार आपोआप उघडलं आणि मांजरानं घरात वाळत घातलेले बोंबील पळवले. मंगेश भडकला. “आई, ही मानसं गेली आता. काढ सगल्यांना. उद्या कुनी घरात घुसला तर?”

“भाडं देत नाय, येवढंच,” काकी म्हणाल्या. “घरातून मानूस काढतात काय?” शिव्या खाल्ल्या त्या मांजरानं.

म्हणून मी खोली सोडून कराडला निघाले तेव्हा माझा फोन घरातून काढायचा विषय काढला, हेच चुकलं. काकींचा चेहरा उतरला. “कनाला काढायचा? जड झाला का तुला?” मी तो तसाच ठेवला. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. कराडला कंटाळा आला की मी मुद्दाम काकींचा ओट्यावरचा दिवा लावायची. दोन मिनिटांत त्यांचा फोन यायचाच.

परवा माझ्या फोनवर संदेश आला: तुम्हाला या घरातून काढण्यात आले आहे.

मला काहीच कळेना. मग राग आला. हे मंगेशचंच काम, असं धरून मी त्याला फोन केला. तो गडबडला. एका कंपनीनं आपल्या कामगारांसाठी अख्खं घर भाड्यानं घेतलं होतं आणि काकी पनवेलला त्याच्याकडे जाणार होत्या. “पण मी कुनाला काढलं नाय,” तो म्हणाला. “कंपनीची मानसं करनार होती. आईनं करूच दिलं नाय. एकदा दाखव बोलली, मग दुपारभर एकेकाला काढत बसली. मलाच समजत नाय तिचं.”

मी काकींना फोन लावला. मला रडू येत होतं आणि ते लपवताही येत नव्हतं.

“काकी, मला का काढलंत?”

“मी तिथं नाय,” त्या म्हणाल्या. “तू आलीस, दार उघडलंस, तर पानी कोन देल तुला?”

मी ओढणीनं नाक पुसलं.

“माझा फोन बी काढला,” त्या म्हणाल्या. “सगल्यांच्या मागून. घरची बाई शेवटी निघते.”